लिवोर्नो बंदरात एका दिवसासाठी भाड्याची गाडी: परमिटपासून डिपॉझिट सुटेपर्यंत

क्रूझच्या पत्रकात ‘फ्लोरेन्स–पिसा’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात बोट लागते ती इटलीतल्या लिवोर्नोला. तिथून पिसा साधारण २५ किलोमीटर आणि फ्लोरेन्स ९०. या दोन्ही ठिकाणी गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन्हीकडे लिवोर्नोहून रेल्वे जाते, फ्लोरेन्सलाही दीड तासाच्या आसपास पोचवते, आणि तिथल्या जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना शिरताच येत नाही. गाडीचा खरा उपयोग रेल्वे नसलेल्या गावांसाठी. आम्ही ठरवले डोंगरावरचे व्होल्तेर्रा आणि परतताना बोल्गेरी. बोट ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी सातला लागणार होती, संध्याकाळी सातला सुटणार होती आणि सगळ्यांनी साडेसहाच्या आत चढायचे होते. कागदावर हे बारा तास दिसतात. गाडीची किल्ली हातात असते ती मात्र जेमतेम सात तास.

सुरुवात जुलैमध्ये केली, ती आरटीओपासून. युरोपीय संघाबाहेरचे लायसन्स असेल तर इटलीत त्याच्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागते. आपले लायसन्स इंग्रजीत असल्याने काही भाडे-कंपन्यांच्या काउंटरवर परमिट विचारतही नाहीत. त्यावर जाऊ नये. रस्त्यावर पोलिसांनी थांबवले तर परमिट नसल्याचा दंड शेकडो युरोंत जातो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते निमित्त मिळते.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर होतो. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परमिटची सेवा निवडायची, नमुना ४-ए भरायचा, पासपोर्ट, लायसन्स आणि फोटो चढवायचे, १,००० रुपये शुल्क भरायचे आणि दिलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन जायचे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय दाखला आणि व्हिसा यांची अट निघाली आहे. तरीही खिडकीवर व्हिसाची किंवा तिकिटाची प्रत मागितली जाऊ शकते, तेव्हा जवळ असलेली बरी. अडते ते दोन ठिकाणी. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या काळातले असेल आणि त्याची नोंद सारथीवर चढलेली नसेल, तर आधी ती चढवून घ्यावी लागते आणि त्यात आठवडे जातात. दुसरे म्हणजे पासपोर्ट आणि लायसन्सवर नाव वेगवेगळ्या पद्धतीने असणे. एकीकडे वडिलांचे नाव मध्ये, दुसरीकडे नाहीच. परमिटवर पासपोर्टप्रमाणे नाव येईल हे पुस्तिका हातात घेतानाच पाहावे, खिडकीपासून हलण्याआधी. परमिट एक वर्ष चालते, मात्र लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. आणि परमिट हा लायसन्सला पर्याय नव्हे. दोन्ही सोबत लागतात, तेही मूळ; फोनमधली प्रत चालत नाही.

ऑगस्टमध्ये गाडी शोधली. लिवोर्नोत दोन पर्याय पडतात: शहरातली किंवा बंदराजवळची छोटी कार्यालये, नाहीतर पिसाचा विमानतळ. विमानतळावर गाड्या भरपूर आणि कार्यालये दिवसभर, रविवारीही उघडी. पण तिथे पोचण्यात जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात आणि काउंटरला विमानातून उतरलेल्यांची रांग असते. शहरातले कार्यालय जवळ पडते, मात्र त्याचे वेळापत्रक वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. साडेआठ ते साडेबारा, मग तीन ते सात, शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी बंद, असा तिथला सर्वसाधारण नमुना आहे. बोट रविवारी लागत असेल तर शहरातली गाडी विसरावी. इतर दिवशीही परतीची वेळ दुपारच्या बंद दारावर येणार नाही असे बघावे. आम्ही मंगळवार, नऊ ते चार असे आरक्षण केले.

आरक्षणाच्या पानावर न चुकता तपासायच्या गोष्टी अशा: गाडी मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक (इटलीत मॅन्युअलच जास्त, ऑटोमॅटिक महाग आणि मोजक्या), दिवसाला किती किलोमीटर मोफत, इंधन ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ या अटीवर आहे का, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का. ही शेवटची अट क्रूझवाल्यांसाठी सगळ्यांत मोलाची. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला, तिकडे त्याला लिबेच्चो म्हणतात, तर कप्तान बंदर टाळून सरळ पुढे जाऊ शकतो. तसे झाले तर आधी भरलेले भाडे बोट कंपनी देत नाही. स्वस्तातल्या ‘आत्ताच पैसे भरा’ पर्यायापेक्षा दहा-पंधरा युरो जास्तीचा, काउंटरवर पैसे भरण्याचा पर्याय इथे शहाणपणाचा ठरतो. लहान मॅन्युअल गाडीला आम्हाला दिवसाचे सत्तर युरोंच्या आसपास पडले. पंचविशीच्या आतल्या चालकाला आणि दुसऱ्या चालकाला वेगळा आकार लागतो. मुलाची उंची १५० सेंटिमीटरच्या आत असेल तर बसण्याची योग्य आसनव्यवस्था कायद्यानेच हवी, ती आरक्षणातच मागून ठेवावी.

अर्जात विमानाचा क्रमांक विचारतात. आपल्याकडे तो नसतो. टिपणाच्या रकान्यात बोटीचे नाव आणि ती लागण्याची वेळ लिहावी, शिवाय कार्यालयाला ईमेल टाकून ‘उशीर झाला तर गाडी राखून ठेवा’ असे लेखी घ्यावे. ठरल्या वेळेनंतर तासाभरात कोणी आले नाही तर गाडी दुसऱ्याला देऊन टाकण्याची पद्धत सर्रास आहे.

मग कार्ड. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच लागते आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असावे लागते. पत्नीचे कार्ड आणि नवऱ्याचे लायसन्स हा मेळ बसत नाही. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारतात, किंवा मग महागडा विमा गळ्यात मारून स्वीकारतात. २०२० पासून आपल्या बँकांची नवी कार्डे परदेशी व्यवहार बंद ठेवूनच येतात. ॲपमधून ते सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. पिन पाठ हवा, कारण तिथले यंत्र तोच मागते. आमच्या करारात हजार युरोंहून जास्त रक्कम अडकणार होती. ती खर्च होत नाही, पण कार्डाच्या मर्यादेतून तेवढी जागा जाते, आणि तेच कार्ड बोटीवरच्या खर्चालाही जोडलेले असेल तर पंचाईत होते. शक्य असेल तर दोन कार्डे वेगळी ठेवा.

बोटीवर आदल्या संध्याकाळी एक काम अवश्य करायचे असते: पासपोर्ट. भूमध्य समुद्रातल्या अनेक बोटी आपल्यासारख्या प्रवाशांचे पासपोर्ट चढतानाच स्वतःकडे घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. भाड्याच्या काउंटरवर मात्र तो मागतात. रिसेप्शनवर जाऊन कारण सांगितले तर सही घेऊन दिवसापुरता देतात. पण रात्री उशिरा तो विभाग बंद असतो आणि सकाळी सातला तिथे गर्दी उसळलेली असते. त्याच वेळी दुसऱ्या दिवसाच्या पत्रकाचा फोटो काढून ठेवावा. त्यावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर, चढण्याची शेवटची वेळ आणि शटल बसची माहिती असते. बोटीवरचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ एकच आहे ना, हेही तिथेच कळते. आधीचा मुक्काम ग्रीसमध्ये असेल तर तासाचा फरक पडू शकतो. पाळायची ती बोटीची वेळ. आणि फोनचे विमान-मोड बंद करायचे ते गोदीत उतरल्यावरच. बोटीचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क उपग्रहावर चालते आणि त्याचे बिल डोळे पांढरे करते. नकाशे वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

मंगळवारी बोट सातला लागली खरी, पण उतरायला परवानगी मिळाली पावणेआठच्या सुमारास. कंपनीच्या सहलींचे गट आधी सोडतात, मग बाकीचे. लिवोर्नो हे मालवाहू बंदर आहे, कंटेनर आणि ट्रक यांच्यामधून पायी बाहेर पडायला मनाई असते. शटल बस पियात्सा ग्रांदेच्या जवळ सोडते आणि तिचे भाडे बहुतेक बोटींवर वेगळे द्यावे लागते. रांग धरून शहरात पोचेपर्यंत साडेआठ झाले. उतरलेल्या जागेचा फोटो काढा आणि परतीची शेवटची बस किती वाजता हे चालकाला तिथल्या तिथे विचारा.

काउंटरवर अर्धा तास गेला. लायसन्स, परमिट, पासपोर्ट, कार्ड. स्थानिक पत्त्याच्या जागी बोटीचे नाव आणि केबिनचा क्रमांक. मग विम्याची गोष्ट निघतेच. इटलीत मूळ भाड्यातच अपघात आणि चोरीचे संरक्षण बहुधा धरलेले असते, पण नुकसानीचा पहिला ठरावीक भाग आपल्या खिशातून जातो. त्याला तिकडे फ्रांकीजिया म्हणतात, आणि डिपॉझिट असते ते त्याच्यासाठी. काउंटरवरची व्यक्ती तो शून्यावर आणणारा जादा विमा सुचवते, दिवसाला वीस-तीस युरोंना. घ्यावा का? भारतातून तेच संरक्षण वेगळ्या पॉलिसीने घेतले असेल तर नको, पण मग नुकसान झाल्यावर आधी आपण भरायचे आणि नंतर मागत बसायचे. पहिल्यांदाच उजव्या बाजूने गाडी चालवणार असाल तर मी म्हणेन, घ्या. मात्र टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि चुकीचे इंधन हे त्यातही वगळलेले असू शकते. ती ओळ वाचल्याशिवाय सही नको.

गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढणे सगळे करतात. पण चारही चाकांच्या कडा, पुढच्या बंपरची खालची बाजू, काचेवरचे टिकले, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. करारावरच्या गाडीच्या आकृतीत नसलेला प्रत्येक ओरखडा कर्मचाऱ्याकडून तिथेच लिहून घ्यावा. डिकीत परावर्तक जाकीट आणि त्रिकोण आहे का ते पाहावे. शहराबाहेर रस्त्यात गाडी बंद पडून खाली उतरावे लागले तर जाकीट अंगावर हवेच. समोरच्या काचेपाशी पार्किंगची निळी चकती आहे का तेही बघा, काही गावांत ती लागते.

आता खऱ्या धास्तीची दहा मिनिटे. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, आणि इंडिकेटरची दांडी डावीकडे. आपल्या बहुतेक गाड्यांत ती उजवीकडे असते, त्यामुळे पहिल्या वळणाला वायपर सुरू होतो. हसू येते, पण मागच्या गाडीला इशारा मिळालेला नसतो. गाडी सुरू करण्याआधी आरसे लावून उभ्या जागीच पाच-सहा वेळा गिअर आणि दांड्या हलवून पाहाव्यात. आपण स्वतः, म्हणजे चालक, नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला बसलेले असतो हे एवढे एक मनात ठेवले की लेन चुकत नाही. तरी शरीर सवयीने उजवीकडे सरकायला बघते आणि उजवीकडची चाके फुटपाथला घासतात, चाकांच्या कडांना ओरखडे येतात ते यामुळेच. गोल चौकात गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आत आधीपासून असलेल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला, वाट द्यायची. बाहेर पडण्याचा फाटा हुकला तर अजून एक फेरी मारावी. कोणी काही म्हणत नाही. लाल दिव्याला उजवीकडे वळायची मुभा इटलीत नाही. शेजारच्याचे काम नकाशा पाहणे एवढेच नाही, रिकाम्या रस्त्यावर वळल्यावर ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणणे हेही आहे. चूक होते ती वर्दळीत नव्हे, तर समोर कोणी नसताना.

सगळ्यांत दूरचे ठिकाण आधी आणि मग बंदराच्या दिशेने सरकत यायचे, असा क्रम ठेवला. लिवोर्नोहून रोझिन्यानोपर्यंत ए-१२ हा टोलचा महामार्ग, पुढे आउरेलिया या किनारी मार्गाच्या नव्या चौपदरी रस्त्याने चेचिना, आणि तिथून ६८ क्रमांकाच्या रस्त्याने आत व्होल्तेर्रा. एकूण ८० किलोमीटरच्या आसपास, दीड तास धरा. टोलनाक्यावर पिवळी ‘तेलेपास’ लेन टाळायची, ती टॅगवाल्यांसाठी. निळ्या लेनमध्ये कार्ड, पांढऱ्यात रोख. चढताना मिळालेले तिकीट हरवले तर सर्वांत लांबच्या अंतराचा टोल लावतात. वेगमर्यादा महामार्गावर १३०, चौपदरी रस्त्यावर ११०, साध्या रस्त्यावर ९०, वस्तीत ५०. पण फलक वेगळे सांगत असेल तर तो खरा. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची सूचना आधी लावलेली असते. शहराबाहेर दिवसाही दिवे चालू ठेवायचे.

चेचिनानंतर रस्ता शेतांतून सरळ जातो आणि सालिने दि व्होल्तेर्रा या मिठाच्या कारखान्याच्या गावापासून वळणांचा घाट सुरू होतो. समुद्राजवळून निघून ५३० मीटरपर्यंत चढायचे असते. सायकलस्वार भरपूर, ओव्हरटेकची घाई नको.

व्होल्तेर्राच्या तटबंदीच्या आत झेडटीएल आहे, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र. पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा असलेला फलक आणि शेजारी कॅमेरा. पाटीवर ‘वार्को आत्तिव्हो’ उजळले असेल तर आत जायचे नाही. नकाशाचे ॲप कधीकधी खुशाल आतून रस्ता दाखवते. त्याला गावाचे नाव न देता पार्किंगचेच नाव द्यावे. आम्ही ला दोगाना या भुयारी पार्किंगचे दिले, ते वेशीबाहेरच आहे. उघड्यावर पार्किंग करायचे तर निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्या रेषांत बहुधा फुकट (पण वेळेची मर्यादा वाचून), पिवळ्या रेषांत मुळीच नाही. निळ्या रेषांच्या यंत्रात गाडीचा क्रमांक टाकावा लागू शकतो. नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये असला की परत धावावे लागत नाही.

दोन तास मिळाले. १२०८ मध्ये बांधायला घेतलेला प्रिओरी राजवाडा, रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन काळातली आर्को वेस, वरून दिसणारे रोमन नाट्यगृह आणि अलाबास्टर दगड कोरणाऱ्यांच्या कार्यशाळा एवढ्यात होतात. संग्रहालय सोडावे लागले. एक वाजता निघालोच.

बोल्गेरीचा रस्ता चेचिनाच्या दक्षिणेला सान ग्वीदोपाशी सुरू होतो: जवळपास पाच किलोमीटर सरळ, दोन्ही बाजूंना सायप्रसची दोन हजारांहून अधिक झाडे. देखावा अप्रतिम, आणि नेमकी तीच अडचण. हा वाहता सार्वजनिक रस्ता आहे, अरुंद आहे, आणि फोटोसाठी कडेला गाडी लावायला सुरक्षित जागा जवळजवळ नाही. गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून पायी मागे यावे. तीनच्या आत तिथून निघालो.

किनाऱ्यालगतचा जुना आउरेलिया रस्ता कास्तिल्योंचेल्लोवरून कड्याच्या काठाने लिवोर्नोत येतो. सुंदर आहे, पण परतताना मी तो सुचवणार नाही; एका अपघाताने किंवा एका ट्रकने अर्धा तास जातो. आलो त्याच महामार्गाने परतावे.

इंधन शहरात शिरण्याआधी भरावे. ‘बेंझिना’ किंवा ‘सेन्झा प्योम्बो’ म्हणजे पेट्रोल, ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिले आहे ते वाचूनच नळी उचलायची. ‘सेल्फ’चा पंप स्वस्त, ‘सेर्व्हितो’ म्हणजे माणूस भरून देणार, लिटरमागे ठळक महाग. दुपारी अनेक पंपांवर फक्त यंत्र चालू असते: आधी नोट किंवा कार्ड घालायचे, मग पंपाचा क्रमांक दाबायचा. नोट घातली तर उरलेले पैसे परत येत नाहीत, आणि कार्डावर सुरुवातीला मोठी रक्कम अडवून नंतर खरी लागते. दोनशेच्या आसपास किलोमीटरला आम्हाला वीस-पंचवीस युरो लागले. पावती काट्याच्या फोटोसोबत ठेवायची.

चारच्या सुमारास कार्यालयात पोचलो. किल्ली पेटीत टाकून निघून जायचा मोह टाळा. तशी दिली तर गाडी तपासली जाईपर्यंत जबाबदारी आपली राहते. कर्मचाऱ्याला गाडीपाशी आणून, परत व्हिडिओ काढून, ‘नवे नुकसान नाही’ असा शेरा करारावर घेतला. शटलला रांग होती. बोटीवर पाऊल ठेवायला पाच वाजले. दीड तास हाती राहिला आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. कंपनीची सहल उशिरा आली तर बोट थांबते, स्वतःहून फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. मागे राहिलात तर पत्रकावरच्या त्या एजंटाला फोन करायचा, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च स्वतःचा. तो फोन करायची वेळ आलीच तर पासपोर्ट आणि रोजची औषधे खांद्यावरच्या पिशवीत हवीत, केबिनमध्ये नकोत.

डिपॉझिट लगेच सुटत नाही. कंपनी त्याच दिवशी सोडते, पण बँकेच्या बाजूने दिवस लागतात; आमचे दुसऱ्या आठवड्यात दिसेनासे झाले. त्यानंतरही कार्ड बंद करू नये. झेडटीएल किंवा वेगाचा दंड असेल तर पोलीस आधी भाडे-कंपनीकडे चालकाचे नाव मागतात, आणि ते कळवण्याचा आकार कंपनी परस्पर कार्डावर लावते, बरेचदा तीस-पन्नास युरो. हा दंड नव्हे. दंडाची नोटीस वेगळी, घरच्या पत्त्यावर येते; परदेशी रहिवाशाला ती पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवसांची मुदत असते. झेडटीएलचा दंड ऐंशी युरोंच्या पुढे सुरू होतो आणि नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट मिळते. करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ तोवर फोनमधून पुसू नयेत.